मूल चौथीत गेलं की...

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, त्या आठवड्यातली गोष्ट. रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. मुलाने भाकरीचा तुकडा मोडला, हातात तसाच धरला आणि विचारलं, "अब्बा, अफझलखान अपना था क्या?"

मी त्याच्या अम्मीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. कामावरून दमून आलेल्या माणसाला असले प्रश्न नको असतात. मी म्हटलं, "खाना खा पहले." त्याने खाल्लं. पण झोपायच्या आधी पुन्हा तेच. मग हळूहळू बाहेर आलं. मधल्या सुट्टीत डबा खाताना त्याचा एक मित्र, अगदी जीवलग मित्र, सहज म्हणाला होता, "तुझ्या अफझलखानाला कसं फाडलं बघ महाराजांनी." त्यात खुन्नस नव्हती. त्याच पोराने नंतर आपल्या डब्यातला चिवडा याला दिला. पण 'तुझ्या' हा शब्द माझ्या मुलाच्या डोक्यात बसला तो बसलाच.

मूल चौथीत गेलं की पालकांना बऱ्याच गोष्टी सांगितल्या जातात. शिष्यवृत्तीची तयारी करा, हस्ताक्षर सुधारा, पाढे तीसपर्यंत पाठ करून घ्या. पालकसभेत मीही हे सगळं ऐकलं आणि मान डोलावली. पण मराठी शाळेत जाणाऱ्या मुसलमान मुलाच्या आयुष्यात चौथीत आणखी एक गोष्ट घडते, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. शाळा बोलत नाही, जमातीतली वडीलधारी मंडळी बोलत नाहीत आणि आपणही बोलत नाही. त्या वर्षी मुलाला पहिल्यांदा कळतं की आपलं नाव हे नुसतं नाव नाही.

महाराष्ट्रात चौथीला इतिहास म्हणजे शिवाजी महाराज. १९७० सालापासून हे चालत आलंय. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते पुस्तक बदलायचा प्रयत्न झाला, त्याला जोरदार विरोध झाला, आणि पुस्तक थोड्याफार फरकाने तसंच राहिलं. म्हणजे आज साठीला आलेल्या माणसापासून दहा वर्षांच्या पोरापर्यंत सगळ्या मराठी माणसांनी एकच गोष्ट, जवळपास त्याच चित्रांसह वाचली आहे. मी १९८८ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत होतो. मला ते पुस्तक फार आवडायचं. खरं सांगतो, त्या वर्षी दुसरं कुठलंच पुस्तक मी आपणहून उघडलं नाही. पन्हाळ्याहून निसटणं, बाजीप्रभूंची खिंड, आग्र्याचे पेटारे हे सगळं मी अम्मीला दखनीत सांगायचो आणि ती चुलीसमोर बसून "हौ? फिर?" करायची. तिला वाचता येत नव्हतं. तिचे महाराज माझ्याच तोंडून आलेले.

मलाही तेव्हा कोणी काही म्हणालं असेल का? असेल. मला आठवत नाही. एवढं आठवतं की अफझलखानाचा धडा वर्गात मोठ्याने वाचला जात असताना मी पुस्तकातून मान वर काढली नव्हती. का, ते त्या वयात स्वतःलाही सांगता आलं नसतं. माझे अब्बा एसटीत मेकॅनिक होते. त्यांना मी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी "पढ चुपचाप" म्हटलं असतं. त्यांची पिढी गप्प बसून निभावून न्यायची. त्यात शहाणपण होतं हे मी नाकारत नाही. पण माझा मुलगा विचारत होता. विचारणाऱ्याला गप्प केलं की तो दुसऱ्या कोणाला तरी विचारतो, आणि आज त्या दुसऱ्याच्या हातात मोबाईल असतो.

तर मी उत्तर द्यायला बसलो, आणि पहिल्यांदा चुकलो.

आपल्यातल्या वाचणाऱ्या बहुतेक लोकांनी जे केलं असतं तेच मी केलं. यादी काढली. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. प्रतापगडाच्या भेटीच्या वेळी महाराजांनी जी मोजकी माणसं बरोबर नेली, त्यांत सिद्दी इब्राहिम होता. काझी हैदर त्यांचा मुनशी होता. आग्र्याच्या गोष्टीतला मदारी मेहतर तर पुस्तकातच आहे, जरी त्याच्याबद्दल अभ्यासकांमध्ये वाद असला तरी. मग दुसरी यादी. अफझलखानाचा वकील कोण, तर कृष्णाजी भास्कर. त्याच्या फौजेत मराठे सरदार होते, खुद्द भोसले कुळातले मंबाजी होते. पुरंदरच्या तहात महाराजांचे तेवीस किल्ले घेणारा औरंगजेबाचा सेनापती कोण, तर मिर्झा राजा जयसिंग. गोविंद पानसरेंचं 'शिवाजी कोण होता?' मी कॉलेजात असताना वाचलं होतं, ते कपाटातून काढून त्याच्यापुढे ठेवलं. माझा जोर चढत गेला. मला वाटलं, किती छान समजावतोय.

मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो फिर अपने लोगां महाराज के तरफ ज्यादा थे के उधर?"

मी गारच पडलो. त्याला मी मोजणी शिकवली होती. जो हिशेब मला मोडायचा होता, तोच मी नवी माणसं भरून त्याच्या हातात दिला होता. आता तो बिचारा हाताच्या बोटांवर दौलतखान आणि सिद्दी इब्राहिम मोजत होता.

त्या याद्या खोट्या नाहीत. मोठ्या माणसांच्या भांडणात त्यांचा उपयोग आहे, भाषणात आहे, लेखात आहे. पण नऊ वर्षांच्या मुलाला त्या दिल्या की त्यातून त्याला काय ऐकू जातं? महाराज आवडायला आपल्याला काही पुरावा लागतो. आपण आधी आपली माणसं दाखवायची, मग आत यायचं. त्याच्या मित्राला असा दाखला कोणी मागत नाही. मित्राचे पूर्वज त्या काळात कोणाच्या चाकरीत होते हे त्याच्या घरी कोणी सांगू शकणार नाही, आणि विचारतही नाही. मग माझ्या मुलाने का सांगायचं?

दोन-तीन दिवसांनी मी पुन्हा बसलो. या वेळी याद्या नव्हत्या. त्याला विचारलं, तुझ्या वर्गात आणखी कोणाचं नाव तुझ्यासारखं आहे? होतं, दुसऱ्या तुकडीत. तो मागच्या महिन्यात मारामारी करून मुख्याध्यापकांसमोर उभा राहिला होता. मी म्हटलं, मग त्याच्याबद्दल बाई तुला ओरडल्या का? तो हसला. म्हणाला, "मेरे को कायकू?" एवढंच. अफझलखान विजापूरच्या आदिलशहाचा सरदार होता, आदिलशहाची नोकरी करायला आला होता. आपले पणजोबा तेव्हा इथेच कुठेतरी रान नांगरत असतील किंवा कापूस पिंजत असतील. ते विजापूरहून घोड्यावर बसून आलेले नाहीत. हा मुलूख जितका तुझ्या मित्राचा तितकाच तुझा, आणि महाराजही तसेच. त्यासाठी तुला कोणाचं नाव सांगायची गरज नाही.

त्याला किती कळलं माहीत नाही. पण त्या रात्री त्याने बोटांवर मोजलं नाही.

खरी परीक्षा जानेवारीत आली. एकोणीस फेब्रुवारीला शिवजयंतीला चौथीचा वर्ग नाटुकलं करणार होता, प्रतापगडाचं. मुलगा घरी आला आणि दप्तर न काढताच म्हणाला, "मेरे को अफझलखान बनाया बाईनं." वर्गात मुसलमान मुलगा तो एकटा. उंचीने सगळ्यात लहान. ज्या खानाने महाराजांना मिठीत आवळलं असं पुस्तकात आहे, त्या खानाच्या भूमिकेला माझं हे काडी पैलवान पोरगं! निवड कशावरून झाली हे उघड होतं.

मी दुसऱ्याच दिवशी शाळेत जायचं ठरवलं. त्याच्या अम्मीने अडवलं. ती म्हणाली, "तुम बोल के आ जाते, बैठना उसको है वहां." तिचं म्हणणं असं की तक्रार केली की बाई उद्यापासून त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतील, बाकीच्या पालकांत चर्चा होईल, एका नाटकासाठी वर्षभराचं सुख कशाला घालवायचं. मी म्हणालो की गप्प बसलो तर तो स्टेजवर मरणार आणि समोर तीनशे पोरं टाळ्या वाजवणार, आणि त्या टाळ्या त्याला आयुष्यभर ऐकू येतील. आम्ही दोन दिवस भांडलो. तिचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. आपल्यापैकी किती घरांत हे भांडण झालं असेल आणि किती घरांत तिच्यासारखंच ठरलं असेल, याचा मला अंदाज आहे.

शेवटी मी गेलो, पण मुख्याध्यापकांकडे नाही. सरळ बाईंकडे, शाळा सुटल्यावर, त्या वह्यांचा गठ्ठा बांधत असताना. मी म्हटलं, बाई, एक विचारू का, ही भूमिका त्यालाच का दिली? त्या म्हणाल्या, "अहो, त्याचं उर्दू चांगलं आहे ना, संवाद शोभतील त्याच्या तोंडी." आणि मग त्या थांबल्या. मी काहीच बोललो नव्हतो. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "तसं नव्हतं हो माझ्या मनात." मला खात्री आहे, नव्हतं. त्या वाईट बाई नाहीत. माझ्या मुलाला तापात घरी सोडायला त्या स्वतः स्कूटीवर आल्या आहेत. पण मनात नसताना हातून होतं तेच जास्त होतं.

मी एवढंच मागितलं: वर्गाला विचारा, ज्याला हवी त्याला ती भूमिका द्या. आणि झालं काय माहीत आहे का? पाच हात वर आले. मिशी, दाढी, मोठा अंगरखा, गडगडाटी हसणं, खलनायक कोणाला नको असतो! वर्गातल्या सगळ्यात धष्टपुष्ट पोराने ती पटकावली. माझ्या मुलाला मावळा केलं, दुसऱ्या रांगेतला, संवाद नाही. तो खूश. त्याला पुठ्ठ्याची तलवार मिळणार होती.

हे लिहायचं कारण एवढंच की पालकांनी शाळेत जावं. भांडायला नाही, निवेदन घेऊन नाही, चार माणसं बरोबर घेऊन तर मुळीच नाही. एकट्याने, शाळा सुटल्यावर, ज्या बाई रोज मुलाला शिकवतात त्यांच्याकडे. आणि एखादी गोष्ट झाल्यावरच पहिल्यांदा जाऊ नये. मी त्याआधी वर्षभर फक्त पालकसभेच्या सहीपुरता गेलो होतो, हे त्या दिवशी मला खुपलं.

या सगळ्या भानगडीत मला दुसरीच एक गोष्ट सापडली. नाटकासाठी तो धडा मोठ्याने वाचत होता, घडाघडा, कुठे न अडखळता. मी सहज विचारलं, अफझलखानाने दरबारात विडा उचलला म्हणजे काय केलं? तो म्हणाला, "पान खाया." वकील म्हणजे? काळ्या कोटातला, कोर्टातला. तह म्हणजे? माहीत नाही. मूल वाचत होतं आणि त्याला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. तिसरीपर्यंत हे झाकलं जातं, कारण तोपर्यंत वाचायला शिकणं हाच अभ्यास असतो. चौथीत धडे लांब होतात, परिसर अभ्यासात एका पानावर दहा नवे शब्द येतात, गणितातही शाब्दिक उदाहरणं वाढतात. आता वाचून शिकायचं असतं. ज्याला वाचलेलं कळत नाही तो सगळ्याच विषयांत मागे पडू लागतो आणि आपण म्हणतो, पोराचं लक्ष नाही.

आपल्या मुलांच्या बाबतीत यात घरच्या बोलीची भर पडते. आपण घरी दखनी बोलतो. दखनीत, उर्दूत नपुंसकलिंग नाही. त्यामुळे आपली पोरं 'माझा पुस्तक', 'माझा घर' म्हणतात. 'ळ' तोंडात बसत नाही, फळाचं फल होतं, बाळूचा बालू होतो. यावर वर्गात हसतात, वहीत लाल रेघा येतात, आणि पोर वर्गात बोलणं कमी करतं. मी काही भाषेचा तज्ज्ञ नाही. पण मुलाला जेव्हा सांगितलं की आपल्या बोलीत दोनच लिंगं आहेत आणि मराठीत तीन, म्हणून तुझी गल्लत होते, तू ढ आहेस म्हणून नाही, तेव्हा त्याचा चेहरा उजळला. मग आम्ही घरातल्या वस्तूंचा खेळच केला. तो दरवाजा, ती खिडकी, ते कपाट. पंधरा दिवसांत बरंच सुधारलं. त्याच्या अम्मीचंही सुधारलं, ते वेगळं.

आणि त्याच बोलीचा फायदाही आहे, तो त्याला कोणी सांगितला नव्हता. इतिहासाच्या पुस्तकातले किल्ला, फौज, मुलूख, हुकूम, सरदार, जहागीर हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले. त्याची नानी रोज वापरते. महाराजांनी फारसीला संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, इतकी ती भाषा कारभारात मुरलेली होती. मुलाला हे सांगितल्यावर त्याने दुसऱ्या दिवशी वर्गात 'मुलूख'चा अर्थ सगळ्यांच्या आधी सांगितला. घरच्या भाषेबद्दल शाळेत शाबासकी मिळायची ही त्याची पहिली वेळ.

आपल्या मुलाला कळतंय का हे पाहायचं असेल तर सोपं आहे. दुसरीचं जुनं पुस्तक घ्या, एक उतारा वाचायला सांगा, पुस्तक मिटा आणि गोष्ट आपल्या भाषेत सांगायला लावा. दखनीत सांगितली तरी चालेल. 'असर'चे अहवाल वर्षानुवर्षं ओरडून सांगताहेत की देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर नीट वाचता येत नाही. ते दुसऱ्यांचे आकडे आहेत असं समजू नका. आणि हे चौथीतच बघा, कारण पुढे सवलत नाही. २०२३ साली आपल्या राज्याने नियम बदलला. आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा असते, नापास झालं तर एक पुनर्परीक्षा, त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात. 'ढकलत जातात हो आठवीपर्यंत' हे वाक्य मोहल्ल्यात अजून ऐकू येतं. ते जुनं झालं.

पैशांचंही तसंच. बरेच पालक अजून विचारतात की अल्पसंख्याकांचा तो फॉर्म कधी निघणार. वर्षाला हजार रुपये यायचे, पन्नास टक्के गुण आणि लाखाच्या आतलं उत्पन्न अशी अट होती. केंद्राने २०२२-२३ पासून ती मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद केली. तेव्हा ती नववी-दहावीपुरतीच ठेवली. तेव्हा चौथीतल्या मुलाच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालणाऱ्यांनी ते थांबवावं.

आता मक्तबचं. हे जरा नाजूक आहे, पण लिहितो. माझा मुलगा दहा ते पाच शाळेत, नंतर मक्तबमध्ये, मग ट्यूशन. रात्री आठला तो जेवताना पेंगायचा. चौथीच्या वयातच बहुतेकांचा नाझरा पूर्ण व्हायला येतो, घरात आमीनचे बेत सुरू होतात, नातेवाईक विचारतात कितवा पारा चाललाय. मी हाफिजजींना भेटलो आणि म्हणालो, त्याला रोज अर्धा तास द्या, पण त्या अर्ध्या तासात तो जागा असू दे. ते लगेच तयार झाले. उलट म्हणाले, "हम भी परेशान हैं, बच्चे झूमते नहीं, सोते हैं." ट्यूशन मी बंद केलं. त्याच्या जागी अर्धा तास घरीच वाचन. आमीन दोन महिने उशिरा झाली, काही बिघडलं नाही.

पण एक प्रथा मला अजिबात पटत नाही. चौथी झाली की शाळा सोडवून मुलाला दूरच्या मदरशात हिफ्झला बसवायचं. कुरआन पाठ करण्याला कोण नाही म्हणेल? माझा चुलतभाऊ हाफिज आहे, आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण तो आज चाळिशीत आहे आणि बँकेची स्लिप भरायला माझ्याकडे येतो, आणि ही गोष्ट तोच सगळ्यांत जास्त दुःखाने सांगतो. ज्यांना हिफ्झ करायचंच आहे त्यांनी शाळेचं नाव कापू नये, किंवा मुक्त विद्यालयातून पुढे दहावीला बसवण्याची सोय आधी पाहावी. काही मदरशांनी ती सुरू केली आहे. प्रवेश घेताना पहिला प्रश्न तोच विचारावा.

आणि मुली. गावोगावच्या कितीतरी जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंतच आहेत. पाचवीला दुसऱ्या शाळेत, कधी दुसऱ्या गावात जावं लागतं. मुलाला सायकल मिळते, मुलीला "अब बस हुआ" मिळतं. उर्दू माध्यमाच्या मुलींचं अजून अवघड, कारण पुढे जवळ उर्दू हायस्कूल नसलं की पाचवीत अचानक सगळंच मराठीत येतं. तिथे त्यांना मराठी एक विषय म्हणून शिकवलेली असते, पण गणित आणि विज्ञान मराठीत समजायला ती पुरत नाही. ज्यांना हा बदल पुढे दिसतोय त्यांनी चौथीचं अख्खं वर्ष घरात मराठी वाचन ठेवावं, पाचवीच्या जूनची वाट पाहू नये. आमच्या गल्लीतली एक मुलगी चौथीत वर्गात पहिली आली आणि एप्रिलमध्ये तिच्या वडिलांनी जाहीर केलं की हायस्कूल हायवेच्या पलीकडे आहे, पाठवणार नाही. त्यांना हक्क, कायदा, चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हे सगळं सांगून झालं. ऐकलं नाही. शेवटी गल्लीतल्या चार बायकांनी मिळून एक रिक्षा ठरवली, चार मुली एकत्र जातात, रिक्षावाला ओळखीचा. वडिलांचा विरोध तत्त्वाचा नव्हताच, रस्त्याचा होता. आपण मात्र त्यांना तत्त्व समजावत बसलो होतो.

मोबाईलचं एकच सांगतो. चौथीतलं मूल आपला फोन आपल्यापेक्षा चांगला चालवतं. नोव्हेंबर आला की प्रतापगड, आणि वर्षभर अधूनमधून औरंगजेब, टिपू. दोन्ही बाजूंनी व्हिडिओ येतात, छाती फुगवणारे आणि रक्त तापवणारे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून काय झालं ते आपण पाहिलं. घरातल्या मोठ्या भावाने ठेवलेलं स्टेटस लहान भाऊ वाचतो आणि शाळेत जाऊन बोलतो. माझ्या मुलाने मला एकदा विचारलं होतं की औरंगजेब टोप्या शिवायचा ना, मग तो चांगला होता ना. हे त्याला पुस्तकाने सांगितलेलं नव्हतं. 'तुझा अफझलखान' म्हणणारा तो मित्र आणि 'अपना औरंगजेब' म्हणणारा आपला भाचा, दोघेही पोराला एकाच जागी नेऊन उभं करतात, हे आपल्याला मान्य करायला जड जातं.

एकोणीस फेब्रुवारीला आम्ही दोघे शाळेत गेलो. अम्मीही आली, आधी येणार नव्हती. नानीने सकाळी त्याला तिच्या जुन्या ओढणीचा फेटा बांधून दिला होता, केशरी नव्हता, गुलाबी होता. बाई हसल्या, चालेल म्हणाल्या. नाटक सुरू झालं. खान झालेला तो धष्टपुष्ट पोरगा इतका रंगला की महाराजांनी बिचवा मारल्यावरही पडायला तयार होईना. प्रेक्षकांत हशा. दोनदा मारल्यावर पडला. मग मावळे ओरडत आत आले. माझा मुलगा दुसऱ्या रांगेत होता, पुठ्ठ्याची तलवार वर धरून, गुलाबी फेटा डोळ्यांवर आलेला. त्याचं तोंड सगळ्यांत मोठं उघडलेलं होतं. खाली उतरल्यावर तो धावत आला आणि पहिलं काय विचारलं तर, "मेरा आवाज आया क्या पीछे तक?"

अम्मी म्हणाली, "आया."